मदत कुणाच्या हातून? : हिंगोली-परभणीच्या दुष्काळी कामांचा धडा

मराठवाड्यातील मदतकार्याचा इतिहास आजवर बहुधा आकड्यांत लिहिला गेला. किती मजूर कामावर होते, किती धान्य वाटले, किती तलाव खणले, किती घरे उभी राहिली, याच्या नोंदी सापडतात. परंतु ही मदत गावात शिरताना कोणाच्या दारावरून गेली, कोणाच्या हातून वाटली गेली आणि ती मिळाल्यावर वस्तीतल्या माणसाला गावाने कसे वागवले, या प्रश्नांची उत्तरे त्या नोंदींत नाहीत. ती दलितांच्या स्मरणात आहेत, पोलीस ठाण्यांतल्या फिर्यादींत आहेत आणि काही प्रमाणात आपल्या साहित्यात आहेत.

अलीकडे मदत करणाऱ्या संस्थांत आणि शासकीय बैठकांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : मदतीमुळे गावातला तंटा वाढता कामा नये. वाक्य चांगले आहे. पण ते उच्चारणारा कोण आणि तो तंटा कशाला म्हणतो, हे पाहिल्याशिवाय त्याला मान डोलावता येणार नाही. दलिताने सार्वजनिक विहिरीवर घागर भरली की गावाच्या भाषेत तो तंटा असतो. त्याबद्दल त्याला मारहाण झाली की तो ‘गैरसमजातून घडलेला प्रकार’ ठरतो. म्हणून आरंभीच दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हक्क मागितला की जो ताण निर्माण होतो, तो एक. योजनेची आखणी निष्काळजीपणे झाली की तिची किंमत म्हणून जी हिंसा दुबळ्याच्या वाट्याला येते, ती दुसरी. पहिला ताण टाळता येत नाही आणि टाळूही नये. दुसरी हिंसा टाळता येते. या दोहोंची गल्लत झाली की ‘शांतता’ या नावाखाली विषमतेलाच संरक्षण मिळते. हिंगोली-परभणी भागाचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. त्याआधीचा या भागाचा सगळा व्यवहार, दुष्काळाचा असो की दंगलीचा, परभणी जिल्ह्याच्या नावावर नोंदलेला आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. महाराष्ट्रात येताना मागासलेपण हाच त्याचा परिचय होता. ते मागासलेपण सर्वांचे सारखे नव्हते, ही गोष्ट मात्र त्या परिचयात झाकली गेली.

या भागातील पहिली मोठी ‘मदत’ म्हणजे पाणी. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे बांधली गेली. त्यांच्या कालव्यांनी वसमतकडच्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, हळद आणली. पुढे साखर कारखाना उभा राहिला. विकासाचा हा नमुना म्हणून दाखवला जातो आणि तो खोटा नाही. परंतु कालव्याचे पाणी सातबारा पाहून वळते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या दारापर्यंत कालवा येतो तो मजुरीच्या रूपाने. भिजणाऱ्या शेताचा मालक श्रीमंत झाला आणि त्याच्याकडे राबणारा होता तिथेच राहिला, तर दोघांतले अंतर वाढते. कालवा आखताना कुणी जातीचा विचार केला नव्हता, हे खरे मानू. पण जमीनच जातीप्रमाणे वाटलेली असेल, तर जातीचा विचार न करता आखलेली योजना जातीप्रमाणेच फळते.

यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्याच्या खेड्यांत आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ हा काळ मोजण्याचा एक दगड आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध ही कामे होती. सुकडी आणि लाल मिलो हे शब्द त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत.

याच काळात, याच जिल्ह्यात, दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. त्या एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत. १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीच्या पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांना मारहाण झाली आणि त्यांची नग्न धिंड काढली गेली. दलित पँथरच्या उदयामागे जो संताप होता, त्यात या घटनेचा वाटा मोठा आहे. दुसरीकडे, खडी केंद्रावर आणि तलावाच्या कामावर महार, मांग, वंजारी, धनगर, मराठा, आंध आदिवासी अशी सगळी माणसे हातोडा आणि पाटी घेऊन येत होती. कोरडवाहू जमिनीचा मालकसुद्धा मजुराच्या रांगेत बसला होता. शतकानुशतके ज्याला गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्या शेजारी बसून पाटलाच्या भावकीतला माणूस खडी फोडत होता. काही भागांत या मजुरांनी एकत्र मोर्चे काढले; मजुरी वाढवून मागितली.

दुष्काळ एक, जिल्हा एक, माणसे तीच. मग एका जागी धिंड आणि दुसऱ्या जागी एकच रांग, असे का? दुष्काळाने माणसे चांगली केली किंवा वाईट केली, हे उत्तर पुरेसे नाही. उत्तर व्यवस्थेत आहे. विहीर गावाच्या ताब्यात होती. कागदावर ती सार्वजनिक असली तरी तिच्यावर कोणी यावे हे गाव ठरवत होते, आणि पाणी आटले तसतसा हा ताबा अधिक क्रूर झाला. खडी केंद्र गावाच्या ताब्यात नव्हते. तिथे काम मागेल त्याला घ्यायचे, मोजमाप करून दाम द्यायचे, असा शासनाचा नियम होता. त्या नियमात खोट होती. मस्टरवर खोटी नावे चढत, मुकादम मापात मारत असे, पगार थकत असे. तरीही प्रवेशाचा दरवाजा पाटलाच्या वाड्यातून जात नव्हता. मदतीचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न किती निर्णायक आहे हे याहून स्पष्ट काय सांगणार?

डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभी केली ती याच दुष्काळाच्या वेळी. तिने विचारलेला प्रश्न आजही योजनाकाराला सुटलेला नाही. गावात एकच विहीर आहे आणि दलितांना तिथे मज्जाव आहे. टंचाई निवारणासाठी पैसे आले आहेत. वस्तीत वेगळी विहीर खणावी की गावची विहीर खुली करावी? वेगळी विहीर खणली तर उद्या तहान भागते, कोणी मार खात नाही, अधिकाऱ्याचे काम सुखाने पुरे होते. पण त्याच कामाने अस्पृश्यतेला सिमेंटचा कठडा बांधला जातो. गावची विहीर खुली केली तर कायदा पाळला जातो, पण पहिली घागर घेऊन जाणाऱ्या बाईच्या पाठीशी त्या रात्री कोण उभे राहणार? महाडचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले आणि परतताना त्या माणसांवर हल्ले झाले. ठराव होता, संरक्षण नव्हते. बाबासाहेबांनी हा ताण टाळला नाही. योजनाकाराने यातून घ्यायचा बोध असा, की हक्काची घोषणा आणि हक्क बजावणाऱ्याचे संरक्षण हे एकाच योजनेचे दोन भाग आहेत. पहिला भाग आज आणि दुसरा ‘आवश्यकता भासल्यास’ असे करता येत नाही. वस्तीत नळ जरूर द्यावा, कारण तहानेला थांबता येत नाही. मात्र तो देताना गावच्या पाणवठ्यावरचा हक्क सोडल्यासारखे होऊ नये, याची लेखी आणि प्रत्यक्ष व्यवस्था त्याच वेळी झाली पाहिजे.

दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने मांडलेल्या या कल्पनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता. योजनेच्या खर्चासाठी शहरी नोकरदारांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला गेला. दयेचे रूपांतर हक्कात करणारा हा टप्पा होता. भूमिहीन दलिताला गावच्या मालकाशिवाय दुसरा मालक मिळाला, आणि हा मालक जात विचारून काम नाकारू शकत नव्हता. सालगड्याने आता हिशेब मागायला सुरुवात केली. शेतमजुराला ‘नाही’ म्हणता येऊ लागले.

पण त्याच योजनेचा दुसरा अर्धा भाग पाहिला पाहिजे. पाझर तलाव खणला भूमिहीनाने. पाणी झिरपले ते खालच्या अंगाच्या विहिरींत, आणि त्या विहिरी जमीनवाल्यांच्या. नालाबांध झाला, गाळ आणि ओल राहिली ती बांधाशेजारच्या शेतात. मजुराच्या हाती आठवड्याचा पगार, मालकाच्या हाती कायमची मालमत्ता. मदतीचे दोन लाभार्थी असतात : एक मस्टरवर दिसतो, दुसरा जमिनीच्या नकाशावर. योजना आखताना केवळ मस्टर पाहिले तर गरिबांचे भले झालेले दिसते. नकाशा पाहिला तर सत्ता आणखी एकवटलेली दिसते.

या पार्श्वभूमीवर १९७४ आणि १९७८ ही वर्षे आली. १९७४ साली वसमत येथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि मराठवाडा विकास आंदोलनाने पेट घेतला. मराठवाड्यावर अन्याय होतो, उद्योग नाहीत, रेल्वे नाही, नोकऱ्या नाहीत, हे गाऱ्हाणे वाजवी होते. पुढे १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला आणि मराठवाड्याच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला. परंतु अनुशेष मोजला गेला तो जिल्ह्यांचा. गाव आणि वस्ती यांच्यामधला अनुशेष कोणत्या समितीने मोजला? ‘मराठवाडा मागास’ असे सगळे एका सुरात म्हणत असताना, त्या मागासलेल्या मराठवाड्यात गावकुसाबाहेर कोण राहतो हे विचारणारा फुटीर ठरत होता.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. ते आपल्या पिढ्यांच्या अंगावर लिहिलेले आहे. नांदेड, परभणी, बीड या जिल्ह्यांतील खेड्यांत बौद्ध वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांना मारले गेले. हजारो माणसे घरे सोडून रानात, शहरांत गेली. माझा मुद्दा दंगलीत काय नष्ट केले गेले याविषयी आहे. घरे जाळली, विहिरी नासवल्या, जनावरे मारली, काम आणि किराणा बंद केला. आता कोणत्याही कल्याण योजनेची यादी समोर ठेवा : घरकुल, विहीर, दुधाळ जनावर, रोजगार. दंगलखोराची यादी आणि योजनाकाराची यादी जवळजवळ एकच आहे! ज्या वस्तूंनी दलित गावाच्या मेहरबानीतून बाहेर पडतो, त्याच वस्तू नेमक्या हेरल्या गेल्या. नामांतर हे निमित्त होते असे जे म्हटले जाते, ते या अर्थाने पटते. राग नावाचा होता; तसाच तो शिकलेल्या पोराचा, पांढऱ्या कपड्यांचा, पक्क्या भिंतीचा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मजुराचाही होता.

यावरून काही शहाण्यांनी असा निष्कर्ष काढला की दलितांना एकदम फार दिले, ते डोळ्यांवर आले. हळूहळू, न कळत द्यावे. हा निष्कर्ष नाकारला पाहिजे. चोरी होते म्हणून कोणी घरात भांडीच ठेवू नयेत असे सांगत नाही. कुलूप लावायला सांगतो. १९७८ च्या ठरावाआधी खेड्यापाड्यांतील वस्त्यांच्या संरक्षणाची आखणी झाली असती, बहिष्कृत वस्तीला धान्य आणि काम ताबडतोब कुठून मिळेल हे ठरले असते, तर हानी कमी झाली असती. तसे न होता सोळा वर्षे थांबून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ताण टाळण्यासाठी न्याय लांबवला की ताण सोळा वर्षे पुरतो.

मात्र शहाण्यांच्या त्या निष्कर्षात एक खरा प्रश्न दडलेला आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. वस्तीच्या पलीकडे राहणारा दोन एकर कोरडवाहूचा मराठा किंवा वंजारी शेतकरीही उपाशी असतो. ‘सगळे सरकार त्यांनाच देते’ ही अफवा त्याच्या उपाशी पोटात रुजते, आणि ती पेरणारे मात्र त्याच्यापैकी नसतात. कालव्याचे पाणी घेणारे असतात. सर्वांसाठी खुल्या असलेल्या रोजगाराच्या हक्कावर ही अफवा रुजू शकली नाही, कारण तोही त्याच रांगेत होता. म्हणून योजनाकाराने आधार सर्वांसाठी ठेवावा आणि त्यावर दलितांचा राखीव, ठरलेला, जाहीर वाटा बांधून द्यावा. एकाचे काढून दुसऱ्याला, असे दिसू देऊ नये. आणि सर्वांना या नावाखाली दलिताचा वाटा गिळूही देऊ नये. वस्ती सुधारण्यासाठी आलेल्या पैशांचा रस्ता वस्तीला वळसा घालून दुसऱ्याच आळीला जातो, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

मदत जुनी विषमता कशी नव्याने बांधते, याचे लखलखीत उदाहरण पुढे शेजारच्याच जिल्ह्यांत दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला; लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे कोणत्या मापाने दिली? भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. मेलेल्या माणसांच्या संख्येवर नाही, घरातल्या तोंडांवर नाही, जमिनीवर! मोठ्यांचा विरोध नको, काम अडू नये, हे व्यवहारी कारण त्यामागे असणार. कोरी जमीन आणि नवा नकाशा हाती असताना जुने गाव चौरस फुटांत पुन्हा आखले गेले. तंटा टळला असेल. त्याची किंमत भूमिहीनाने दिली.

बाहेरच्या जगाने या प्रश्नाचे शास्त्र केले ते १९९० नंतर. १९९४ साली रवांडातील हत्याकांडानंतर शेजारच्या झैरेमध्ये निर्वासितांच्या छावण्या पडल्या. तिथे येणारे धान्य हत्याकांड करणाऱ्यांच्याच ताब्यात गेले. ज्यांनी माणसे मारली तेच रेशनच्या याद्या करू लागले. काही मदतसंस्थांनी छावण्या सोडल्या. १९९९ साली मेरी अँडरसन यांनी मदतीने निदान अपाय तरी करू नये, हा विचार ग्रंथरूपाने मांडला. समाजात तोडणाऱ्या गोष्टी कोणत्या, जोडणाऱ्या कोणत्या हे आधी ओळखा. मदतीने पहिल्यांना बळ देऊ नका, दुसऱ्यांना द्या, असे त्यांचे सूत्र. ते उपयुक्त आहे. पण भारतीय खेड्यात ते जसेच्या तसे लावता येणार नाही. आपल्याकडे ‘जोडणारे’ म्हणून जे दाखवले जाते, म्हणजे गावकी, जत्रा, बलुत्याचा आपलेपणा, गावजेवण, त्यात दलिताची जागा ठरलेली असते आणि ती शेवटची असते. त्याने गप्प राहणे हीच या एकोप्याची अट असते. एखादी गोष्ट खरोखर जोडणारी आहे का, याची कसोटी साधी आहे : दोन्ही बाजूंना ती नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे काय? खडी केंद्राची रांग या कसोटीला उतरते, गावजेवणाची पंगत उतरत नाही.

तेव्हा आज हिंगोलीत, किंवा कोठेही, पाणी, घरकुल, जलसंधारण, पूरग्रस्तांची मदत असे काही आखले जात असेल, तर कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने ग्रामसभेत काही प्रश्न उभे राहून विचारावेत. लाभार्थ्यांची यादी कोणी केली आणि ती वस्तीत वाचून दाखवली काय? वाटपाची जागा कोणाच्या ओट्यावर आहे? टाकीची आणि पंपाची किल्ली कोणाकडे राहणार? कामावरच्या रांजणातून पाणी कोण काढून देणार, की प्रत्येकाने स्वतः घ्यायचे? या कामाने कोणाच्या जमिनीची किंमत वाढेल? दलितांतल्याच बौद्ध, मातंग, चर्मकार यांना एकमेकांविरुद्ध उभे करील अशी तर ही वाटणी नाही ना? आणि मदत घेतल्याबद्दल बहिष्कार पडला तर दुसऱ्या दिवशी काम, धान्य आणि पोलीस कुठून येतील?

या शेवटच्या प्रश्नाला कायद्यात आधार आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ चे नियम अत्याचारप्रवण क्षेत्रे ओळखायला आणि आकस्मिक योजना तयार ठेवायला सांगतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समितीही नेमायला सांगतात. २०१६ सालचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राकडे आहे. परंतु विकासाची फाईल एका खात्यात आणि संरक्षणाची फाईल दुसऱ्या खात्यात पडून राहते. विहीर मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दक्षता समितीची बैठक केव्हा झाली हे ठाऊक नसते. या दोन फाईली एका टेबलावर आणण्याची मागणी आपल्या चळवळीने करायला हवी. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात, २००६ च्या फेब्रुवारीपासून, हिंगोली जिल्हा होता. म्हणजे या जिल्ह्याची निकड दिल्लीलाही माहीत होती. निकड माहीत असणे आणि गावकूस माहीत असणे यांत फरक आहे. दुसरी माहिती दिल्लीच्या कागदावर येणार नाही. ती वस्तीतल्या माणसाकडे आहे, आणि योजना आखली जाते त्या दिवशी, ती पुरी झाल्यावर नव्हे, त्याला त्या टेबलापाशी खुर्ची मिळाली पाहिजे.